मधल्या काळाचा पैसा



आज सभागृहात बरीच तरुण मंडळी वही-पेन घेऊन बसली आहेत, हे मला इथून दिसतंय. ‘दूरदेशांशी संशोधन सहकार्य आणि निधीच्या संधी’ असा विषय पत्रिकेत छापला, की अर्ज कुठे करायचा, शेवटची तारीख कोणती, रक्कम किती, याची यादी मिळणार असं वाटतंच. ती यादी मी आणलेली नाही. ती मोबाइलवर मिळते आणि सहा महिन्यांत शिळी होते. मी बार्शीबद्दल बोलणार आहे.

बार्शी सोलापूर जिल्ह्यात. ऐंशीच्या दशकात तिथे नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सर रुग्णालय उभं राहिलं. १९८७ साली आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या योजनेतून तिथे देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम हे तीन तालुके, ३४६ गावं. मुंबईत अशी नोंदणी १९६३ पासून होती. पण शहरातलं काम तुलनेनं सोपं. रुग्ण कुठल्या ना कुठल्या दवाखान्यात जातो, त्याचे कागद होतात, नोंदणीचा माणूस त्या दवाखान्यांतून फिरला की वही भरते. खेड्यात बाई दवाखान्याची पायरीच चढत नाही. दुखणं अंगावर काढते. पाळी थांबून वर्षं झाली तरी अंगावरून जातंय, हे कुणाला सांगायचं म्हणून गप्प राहते. ती कुठल्याच कागदावर येत नाही.

मग बार्शीच्या लोकांनी उलट वाट धरली. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव गेले. सरपंच, शिक्षक, ग्रामसेवक यांना भेटले, बायकांच्या बैठका घेतल्या, कॅन्सरची लक्षणं साध्या भाषेत सांगितली आणि ज्यांच्यात ती दिसत होती त्यांना तपासणीसाठी बार्शीला आणलं. ज्यांची नोंद करायची त्यांना आधी दवाखान्यापर्यंत आणायचं, असं हे काम. डॉ. भगवान नेने आणि डॉ. कस्तुरी जयंत ही त्यामागची दोन नावं. वर्षामागून वर्षं हे चाललं तेव्हा दोन गोष्टी पुढे आल्या. एक म्हणजे या गावांत बायकांमध्ये सर्वांत वरचा कॅन्सर गर्भाशयमुखाचा होता. दुसरी जास्त बोलकी आहे. फक्त बैठका आणि बोलणं यांमुळे बायका आजाराच्या आधीच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्या होत्या. १९९५ साली हा निष्कर्ष एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. तोवर या कामाला कुठलाही मोठा परदेशी निधी चिकटलेला नव्हता. आयसीएमआरचे रुपये होते आणि एसटीनं फिरणारी माणसं होती.

आता १९९९. फ्रान्समधल्या ल्यों शहरात जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था आहे, आयएआरसी. तिच्यापुढे एक मोठा प्रश्न होता. गरीब देशांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची चाचणी करायची तर कोणती? श्रीमंत देशांनी पॅप तपासणीनं हा आजार आटोक्यात आणला होता. पण तिला काचपट्टी वाचणारे प्रशिक्षित डोळे लागतात आणि बाईला पुन्हा पुन्हा बोलवावं लागतं. दुसरा मार्ग होता सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी बघण्याचा. तिसरा, हा आजार घडवणारा एचपीव्ही विषाणू थेट शोधण्याचा. यांतला कोणता खरोखर मृत्यू वाचवतो, हे माहीत नव्हतं. आणि मृत्यू वाचले की नाही हे सांगायचं तर लाखभर बायकांच्या मागे वर्षानुवर्षं राहून कोण जगलं, कोण कशानं गेलं, याचा हिशेब ठेवावा लागतो. असा हिशेब खेड्यांत ठेवू शकणारी माणसं जगात कुठे होती? बार्शीला होती.

म्हणून ल्यों बार्शीकडे आलं. बिल अँड मेलिंडा गेट्स फाउंडेशनचा पैसा, टाटा मेमोरियलची साथ, आयएआरसीची आखणी आणि बार्शीशेजारच्या जुन्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यातली गावं. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, ५२ गावसमूह, चार गट. तीन गटांत तीन वेगवेगळ्या चाचण्या, प्रत्येक बाईची एकदाच. चौथा तुलनेचा, त्यात नेहमीच्या सेवेपलीकडे तपासणी नाही. आठ वर्षांनंतरचा हिशेब असा: तुलनेच्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं ६४ स्त्रिया दगावल्या, एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४. आयुष्यात एकदा केलेल्या एका चाचणीनं मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. बाकीच्या दोन चाचण्यांच्या एकेका फेरीनं तसा ठळक फरक दिसला नाही. एप्रिल २००९ मध्ये हे निष्कर्ष बोस्टनहून निघणाऱ्या न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले. आज जागतिक आरोग्य संघटना एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती देते, त्यामागच्या भक्कम पुराव्यांत परांडा-भूमच्या बाजूच्या या बायका आहेत.

इथे टाळ्या वाजवून पुढे जाणं सोपं आहे. पण ६४ हा आकडा माझ्या घशात अडकतो. मी आकडेवारीतला माणूस आहे. तुलनेचा गट नसेल तर काहीच सिद्ध होत नाही, हे मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना शिकवत आलो. तरीही अडकतो. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतही साधारण त्याच काळात टाटा मेमोरियलनं असाच अभ्यास केला, अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या पैशांवर. तिथे दोन-दोन वर्षांनी ॲसेटिक ॲसिडची तपासणी, चार फेऱ्या, आणि ती करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, त्याच भागांतल्या शिकवून तयार केलेल्या स्त्रिया होत्या. मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या सर्वांत मोठ्या परिषदेत डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी हे मांडलं. पुढच्याच वर्षी एरिक सुबा या अमेरिकन डॉक्टरांनी जाहीर आक्षेप घेतला: तपासणीनं जीव वाचतो हे आधीच ठाऊक असताना हजारो गरीब बायकांना तपासणीविना ठेवून त्यांचे मृत्यू मोजलेत कसे?

उत्तर असं दिलं गेलं, की भारतात तपासणी ही नेहमीची सेवा नव्हतीच, त्यामुळे कुणाकडून काही काढून घेतलेलं नाही. आणि पॅप तपासणी इथे राबवणं व्यवहारात शक्य नव्हतं. मला हा आक्षेप अर्धा पटतो आणि उत्तरही अर्धंच पटतं. पॅप तपासणी इथे चालली नसती, हे खरं. पण ‘इथे काहीच नव्हतं’ ही स्थिती आपणच ठेवलेली होती, आणि तिचाच आधार घेऊन अभ्यास उभा राहिला. मग तिचं ऋण फेडण्याची जबाबदारीही आपल्यावर येते. ती कशी पार पाडली, ते ऐका. बार्शीचा निष्कर्ष २००९ मध्ये आला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारलं, गर्भाशयमुखाची तपासणी कधी झाली आहे का? संपूर्ण देशात ‘हो’ म्हणणाऱ्या १.९ टक्के निघाल्या. उस्मानाबादच्या गावांतलं उत्तर ल्यों, बोस्टन, जिनिव्हा असा प्रवास करून आलं, पण शेजारच्या तालुक्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचलं नाही. त्यासाठी मी गेट्स फाउंडेशनला दोष देणार नाही.

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. परदेशी निधी मधला काळ सांभाळतो. तीन वर्षं, पाच वर्षं, फार तर दहा. त्याच्या आधीची पंधरा वर्षं आणि नंतरची तीस वर्षं आपली असतात. त्यांचा पैसा, त्यांची माणसं आणि त्यांचा हट्ट आपल्यालाच उभा करावा लागतो.

बार्शीच्या गोष्टीला आणखी एक वळण आहे. ते कुणी आखलेलं नव्हतं. २००९ मध्ये आयएआरसीनं भारतात नऊ ठिकाणी एचपीव्ही लशीचा अभ्यास सुरू केला. बार्शी त्यांत होतंच. मुलींना तीन डोस लागतात की दोन पुरतात, एवढाच प्रश्न होता, आणि वीस हजार मुली घ्यायच्या होत्या. त्याच सुमारास तेव्हाच्या आंध्रातल्या खम्ममला आणि गुजरातेत वडोदऱ्याला ‘पाथ’ या अमेरिकन संस्थेचा लशीचा वेगळाच प्रकल्प चालू होता. त्यात काही मुली दगावल्या. मृत्यूंचा लशीशी संबंध असल्याचं चौकशीत दिसलं नाही, पण दुसरी गोष्ट उघडी पडली: वसतिगृहातल्या मुलींच्या संमतिपत्रांवर आईवडिलांऐवजी वॉर्डनच्या सह्या होत्या. देशभर गदारोळ झाला. एप्रिल २०१० मध्ये सरकारनं अशा सगळ्या अभ्यासांतलं लसीकरण थांबवलं, आयएआरसीचंसुद्धा. तोवर १७,७२९ मुलींना लस मिळाली होती. कुणाचे तीन डोस झाले होते, कुणाचे दोन, आणि हजारो मुली एकाच डोसवर राहिल्या.

असा अभ्यास गुंडाळून ठेवायचा असतो. निधी देणारा कंटाळतो, संशोधक दुसरा विषय धरतात. इथे तसं झालं नाही. या मुलींच्या मागे लोक राहिले. त्या मोठ्या झाल्या, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेल्या, तरी शोधल्या गेल्या. दहा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत आकडे आले. विषाणूच्या १६ आणि १८ या दोन घातक प्रकारांच्या चिवट संसर्गापासून तीन डोसनी दिलेलं संरक्षण ९३.३ टक्के, दोन डोसनी ९३.१ आणि एका डोसनं ९५.४. म्हणजे फरक नाहीच. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीनं एक डोसही चालेल असा सल्ला दिला, त्यात या मुलींचा मोठा वाटा आहे. गरीब देशांच्या दृष्टीनं याचा अर्थ काय? तेवढ्याच पैशांत दुप्पट मुली.

संमतिपत्रावर वॉर्डनची सही घेण्याचा निष्काळजीपणा नसता, तर हे ज्ञान एवढ्या लवकर मिळालं नसतं, असं म्हणणं मला बरोबर वाटत नाही. निष्काळजीपणा तो निष्काळजीपणाच. २०१३ च्या संसदीय समितीनं त्यावर कडक ताशेरे ओढले, ते योग्यच होते. श्रेय द्यायचंच तर ते बंद पडलेल्या अभ्यासाच्या याद्या जपणाऱ्यांना द्या.

परदेशी सहकार्याचं नाव काढलं की आपल्याकडे संशय लगेच का उसळतो, हे तरुणांनी समजून घेतलं पाहिजे. त्याला इतिहास आहे. सभागृहातल्या ज्येष्ठांना रेशनवरचा लाल अमेरिकन गहू आठवत असेल. तो पीएल-४८० या १९५४ च्या अमेरिकन कायद्याखाली यायचा. त्याची किंमत आपण रुपयांत भरायचो, आणि ते रुपये अमेरिकेच्या नावावर इथेच साठत. साठलेले रुपये इथेच खर्च करायचे, म्हणून अमेरिकेनं संशोधनालाही ते दिले. एक गंमत सांगतो. १९६२ पासून याच पैशांतून वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन अमेरिकी विद्यापीठांना पाठवली. तिकडच्या ग्रंथालयांत मराठी पुस्तकांच्या रांगा दिसतात, त्यांतल्या कितीतरी या गव्हाच्या पैशांच्या आहेत. १९७४ मध्ये या खात्याची मिटवामिटव झाली तेव्हा अमेरिकेच्या राजदूतांनी भारत सरकारला १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश दिला होता.

पण सगळं पुस्तकांइतकं निरुपद्रवी नव्हतं. कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात १९५७ साली माकडं मरू लागली, माणसांना ताप येऊ लागला. तो विषाणू रशियातल्या एका तापाच्या विषाणूचा भाऊबंद निघाला. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडांतून तो आला असेल का, हे तपासायला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं सालिम अलींच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांच्या पायात कड्या अडकवायला सुरुवात केली. आधी पैसा जागतिक आरोग्य संघटनेचा होता. पुढे अमेरिकन लष्कराच्या वैद्यकीय संशोधन विभागाचा आला. शीतयुद्धाचे दिवस, सायबेरियातून येणारे पक्षी आणि लष्कराचा पैसा. १९७४-७५ मध्ये वर्तमानपत्रांतून आणि संसदेच्या लोकलेखा समितीतून वादळ उठलं. जैविक युद्धासाठी ही माहिती वापरली जाईल, अशी शंका होती. दिल्लीत डासांवरचा एक प्रकल्प पीएल-४८० च्या पैशांवर चालू होता, तो याच वादात १९७५ मध्ये बंद झाला. पक्ष्यांच्या कड्यांमधून कुणी अस्त्र बनवल्याचं पुढे काही आलं नाही. त्या कड्यांच्या नोंदी मात्र अजून उपयोगी पडतात. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला. इथले पाणपक्षी कुठून येतात, कुठे जातात हे आपण आज खात्रीनं सांगतो, त्याचा पाया त्या वर्षांत घातला गेला. तरीही त्या वेळचे प्रश्न गैर नव्हते. पैसा देणाऱ्याला हे का हवं आहे, हे विचारायलाच हवं होतं, आणि ते प्रकल्प सुरू होण्याआधी विचारायला हवं होतं.

आज आरोग्य क्षेत्रातल्या परदेशी सहकार्याच्या प्रकल्पाला आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. संशोधक तिच्या विलंबाला वैतागतात. मीही वैतागलो आहे. पण खम्ममनंतर ती नको असं म्हणायची माझी हिंमत होत नाही.

आता आपल्या दाराशी, नवी मुंबईत येऊ. २००२ मध्ये परळची कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट खारघरला हलली आणि टाटा मेमोरियल सेंटरचं ॲक्ट्रेक हे संशोधन केंद्र सुरू झालं. ज्यांच्याकडे द्यायला काही आहे त्यांचं सहकार्य कसं होतं, त्याचे दोन नमुने तिथे आहेत. २००८ मध्ये इंटरनॅशनल कॅन्सर जीनोम कन्सॉर्शियम स्थापन झाला. नियम साधा: प्रत्येक देशानं किमान एक कॅन्सर निवडायचा, त्याचा खर्च स्वतः करायचा, माहिती सगळ्यांना खुली. भारतानं गालफडाच्या आतला आणि हिरडीचा कॅन्सर निवडला. तंबाखू, गुटखा, मिश्री यांचा हा आजार. युरोप-अमेरिकेला तो फारसा भेडसावत नाही, म्हणून तिथे तो कुणी निवडला नसता. जैवतंत्रज्ञान विभागानं पैसा दिला. पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची जनुकशास्त्र संस्था आणि खारघरचं ॲक्ट्रेक यांनी मिळून काम केलं, आणि २०१३ मध्ये या कॅन्सरमध्ये बिघडणारी, तोवर ठाऊक नसलेली काही जनुकं जगापुढे आली. दुसरा नमुना कार-टी उपचाराचा. रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी बाहेर काढून, त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवून परत सोडायच्या. अमेरिकेत याला कोटींत खर्च येतो. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी तो इथे घडवला, अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांशी सल्लामसलत करत. २०२१ मध्ये पहिला रुग्ण ॲक्ट्रेकमध्येच होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली, आणि किंमत परदेशातल्या सुमारे एकदशांश. इथे दूरदेशाकडून आपण पैसा मागितला नाही, अनुभव मागितला. तो बहुधा जास्त मनमोकळेपणानं दिला जातो.

निधी मागायचाच असेल, तर आजचे दिवस कसे आहेत तेही सांगितलं पाहिजे. अमेरिकेची सरकारी आरोग्य संशोधन संस्था एनआयएच परदेशी संस्थेला वरखर्चापोटी फक्त आठ टक्के देते. विजेचं बिल आणि हिशेबनीस त्यातच बसवायचा. मे २०२५ मध्ये तिनं अमेरिकन विद्यापीठांमार्फत परदेशी भागीदारांना जाणारे उपअनुदानाचे करार थांबवले, नवी व्यवस्था होईपर्यंत. इकडे आपल्या विदेशी अंशदान कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली. परदेशी पैसा घेणाऱ्या संस्थेला तो दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली. म्हणजे अमेरिकेहून मुंबईला आणि मुंबईहून बार्शीसारख्या गावाला, अशी जी वाट होती तिचे दोन्ही टप्पे अवघड झाले. मोठ्या संस्था तरून जातील. तालुक्याच्या गावातला ट्रस्ट अडकेल, आणि नोंदींच्या वह्या तर त्याच्याकडेच आहेत. देशातला पैसाही आहे. उदाहरणार्थ जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट मिळून २००८ पासून ‘इंडिया अलायन्स’ चालवतात, त्यात सुरुवातीला निम्मा वाटा आपला होता, आता निम्म्याहून जास्त आहे. अशा भागीदारीत बोलण्याचा सूर वेगळा राहतो.

वर्षानुवर्षं लोकांच्या मागे राहण्याचं बार्शीसारखं काम पुण्याजवळच्या सहा गावांतही झालं. १९९३ मध्ये केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या संशोधकांबरोबर गरोदर बायकांच्या आहाराची नोंद सुरू केली. वेलकम ट्रस्टचा पैसा होता. जन्मलेली बाळं वजनानं हलकी, पण त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त, हे तिथे दिसलं, आणि आपल्याकडच्या मधुमेहाकडे बघण्याची दृष्टी बदलली. ती बाळं आता तिशीत आली, आणि अभ्यास त्यांची साथ सोडत नाही.

माझी एक सूचना नवी मुंबईपुरती आहे. सिडकोची स्थापना १९७० ची. त्या वेळी ठाणे, पनवेल, उरण या तीन तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन या शहरासाठी घेतली गेली. पन्नास वर्षांत मिठागरं, भातशेती, मासेमारी गेली. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने आले, त्यांतले बरेच गेले, त्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. एका पिढीच्या डोळ्यांदेखत अन्न, श्रम, हवा आणि पाणी सगळंच बदललेली माणसं घणसोली, दिवाळे, करावे इथे अजून राहतात. त्यांच्या फुप्फुसांत, साखरेत, रक्तदाबात काय झालं? असा प्रश्न जगात फार थोड्या ठिकाणी एवढ्या नेमकेपणानं विचारता येईल. आणि आपल्याकडे इथे दोन-तीन वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, परिचारिका शिकवणाऱ्या संस्था आहेत, ॲक्ट्रेक आहे.

चार गावं निवडा. गावकीच्या बैठकीत जाऊन आधी परवानगी घ्या, आगरी-कोळी घरांतल्याच शिकलेल्या मुलींना क्षेत्रसेविका म्हणून नेमा. घरटी एक पान, दर वर्षी त्यात भर: कोण जन्मलं, कोण गेलं, कशानं गेलं, कोण कुठे कामाला आहे. तपासणीचा निकाल त्या घराला त्याच आठवड्यात कळवा, कारण तो त्यांचा आहे. याला लागणारा पैसा एखाद्या महाविद्यालयाच्या वार्षिक स्नेहसंमेलनाच्या खर्चात बसेल असं मी म्हणणार नाही, पण नवी मुंबई महापालिकेच्या अंदाजपत्रकात तो दिसणारही नाही इतका लहान आहे. पहिली पाच वर्षं परदेशी निधीसाठी एकही अर्ज करू नका. सहाव्या वर्षी करा, आणि खर्चाच्या पानावर क्षेत्रसेविकांचा पगार सर्वांत वरच्या ओळीत लिहा. प्रकल्पाची मुदत संपल्यावरही तो कुठून येणार, हे तिथेच नमूद करा. तो रकाना बघूनच पुढची बोलणी होतील. आता प्रश्न असतील तर विचारा. कार्यकर्त्यांनी अर्धा तास राखून ठेवला आहे.